फायरिंग रेंज, काळी माती आणि कायदा: सराव न थांबवता पर्यावरणाचे नियम कसे पाळायचे?

प्रश्न असा आहे. मराठवाड्यातल्या एका प्रशिक्षण केंद्राची फायरिंग रेंज माळावर आहे. एका अंगाला वनखात्याची हद्द, उताराच्या अंगाला पावसाळी ओढा आणि ओढ्यापलीकडे गावाच्या विहिरी. जवानांचा सराव कमी करता येत नाही. वनखाते, प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि ग्रामपंचायत, तिघांचीही पत्रे येऊन पडली आहेत. यातून वाट कशी काढायची?

आधी एक गैरसमज दूर करू. संरक्षणाच्या कामाला पर्यावरणाचे कायदे लागू नाहीत, असे अनेक जण धरून चालतात. तसे नाही. सूट आहे ती ठरावीक ठिकाणी आणि मोजकी. २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेत संरक्षण आणि सुरक्षेच्या प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट आहे. वन संवर्धन कायद्यात २०२३ साली दुरुस्ती झाली, तीत सुरक्षाविषयक बांधकामासाठी १० हेक्टरपर्यंतच्या वनजमिनीला सवलत आहे, पण तीही केंद्राने घातलेल्या अटींवर. याउलट वन्यजीव संरक्षण कायदा १९७२, जलप्रदूषणाचा कायदा १९७४ आणि घातक कचऱ्याचे २०१६ चे नियम रेंजच्या कुंपणापाशी थांबत नाहीत. मात्र यातला एकही कायदा सराव बंद करा असे म्हणत नाही. कुठे, कधी आणि नंतर काय, एवढेच तो विचारतो. म्हणून बहुतेक तंटे कोर्टात नव्हे, तर रेंजच्या वार्षिक वेळापत्रकात आणि नकाशात सुटतात. ते वेळापत्रक माती, गवत आणि पाणी पाहून केले तर सरावाचे दिवस कमी होत नाहीत, उलट वाचतात.

हे नुसते म्हणायचे म्हणून म्हणत नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या कॅम्प एडवर्ड्सखाली केप कॉडच्या लोकांचे पिण्याचे भूजल आहे. त्यात स्फोटकांचे अंश उतरू लागले, तेव्हा १९९७ मध्ये तिथल्या पर्यावरण संस्थेने तोफा आणि मॉर्टरचा सरावच बंद केला. आपल्याकडे झारखंडमधल्या नेतरहाट रेंजच्या अधिसूचनेची मुदत ११ मे २०२२ ला संपली आणि ऑगस्टमध्ये राज्य सरकारने ती न वाढवण्याचा निर्णय घेतला. काश्मीरच्या तोसामैदानात न फुटलेल्या गोळ्यांनी गावकऱ्यांचे जीव गेले, लोकांचा विरोध वाढला आणि २०१४ मध्ये भाडेपट्टा संपल्यावर ती रेंज गेली. याच्या उलट बाजूही आहे. राजस्थानात पोखरणच्या फायरिंग रेंजच्या परिसरात माळढोक अजून टिकून आहे, कारण तिथे नांगर फिरला नाही. नीट सांभाळलेली रेंज म्हणजे मोठे राखीव माळरानच असते.

आता कायद्याचा कणा. लष्करी सरावासाठी १९३८ चा मॅन्युव्हर्स, फील्ड फायरिंग अँड आर्टिलरी प्रॅक्टिस ॲक्ट आहे. तो बारकाईने वाचलाच पाहिजे, कारण लोकांच्या तक्रारींची बरीचशी उत्तरे त्यात आधीच लिहिलेली आहेत. कलम २ नुसार मोहिमांच्या सरावाला राज्य सरकारची अधिसूचना लागते. ती जास्तीत जास्त तीन महिन्यांची असते आणि साधारणपणे तीच जमीन तीन वर्षांत एकदाच घेता येते. इराद्याची नोटीस गावांत प्रसिद्ध झाल्यापासून तीन महिने होईपर्यंत अधिसूचना काढता येत नाही. कलम ९ खालच्या फील्ड फायरिंगसाठी, म्हणजे मोकळ्या रानातल्या प्रत्यक्ष गोळीबारासाठी, हा अवधी दोन महिन्यांचा आहे. नोटीस पुन्हा एक महिना आधी आणि एक आठवडा आधी फिरवावी लागते. कलम ३ पाण्याबद्दल बोलते: ज्यांचा त्या पाण्यावर हक्क आहे, त्यांना नेहमी लागणारे पाणी तुटेल इतका उपसा करता येत नाही. कलम ४ प्रमाणे जमीन शक्य तितकी पूर्ववत करून देणे ही कमांडिंग अधिकाऱ्याची जबाबदारी आहे. कलम ५ आणि ६ नुकसानभरपाईचे. सहाव्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्याने महसूल अधिकारी तुकडीबरोबर द्यायचा, त्याने जागेवर पाहणी करून जागेवरच पैसे द्यायचे, आणि शेतकऱ्याला मान्य नसेल तर १५ दिवसांत अपिलाची नोटीस देता येते. महसूल अधिकारी सोबत नेला नाही आणि ज्वारीचे पीक तुडवले गेले, की पुढे पंचनामाच नसतो. मग एका एकराच्या नुकसानीवरून पाच एकरांचा दावा उभा राहतो आणि तो खोडून काढायला हातात कागद नसतो.

वनहद्दीचे काम थोडक्यात सांगतो. वनजमीन दुसऱ्या कामाला घ्यायची तर केंद्राची पूर्वपरवानगी परिवेश पोर्टलवरून. मोजणी खात्याकडून हद्द कायम करून घ्या आणि रेंजचा धोक्याचा पट्टा, म्हणजे गोळी उसळून जिथवर जाऊ शकते तो सगळा भाग, त्याच नकाशावर काढा. बट, म्हणजे टार्गेटमागचा गोळ्या अडवणारा मातीचा बांध, स्वतःच्या जमिनीत असतो आणि धोक्याचा पट्टा वनात शिरतो, इथेच बहुतेकांची गफलत होते. पट्टा गौताळा, येडशी रामलिंग घाट किंवा नायगाव मयूर यांसारख्या अभयारण्याच्या अंगाला असेल तर वन्यजीव कायद्याची कलमे ३० ते ३२ डोळ्यांसमोर ठेवा: आग लावणे, लेखी परवानगीवाचून शस्त्र आत नेणे, स्फोटक वापरणे, तिन्हीला मनाई आहे. आणि अभयारण्याबाहेरही या कायद्यात ‘शिकार’ या शब्दात पक्ष्यांची अंडी फोडणे, घरट्याला धक्का लावणे हेही येते. काळवीट आणि लांडगा पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांच्या बाबतीतल्या गुन्ह्याला तीन ते सात वर्षांची कैद आहे.

आता ज्यावर सगळ्यात कमी लक्ष जाते त्या गोष्टीकडे येऊ: बटमधले शिसे.

५.५६ मिमीच्या एका गोळीत साधारण दोन ग्रॅम शिसे असते, जुन्या एसएलआर रायफलच्या ७.६२ मिमीच्या गोळीत सहाच्या आसपास. समजा वर्षाला १,००० जवान प्रत्येकी १०० राउंड मारतात. म्हणजे ५.५६ चे २०० किलो शिसे एका बटमध्ये, दर वर्षी. ते बटभर पसरत नाही. टार्गेट ठरलेल्या जागी असतात, म्हणून प्रत्येकामागे परातीएवढा खळगा पडतो आणि बहुतेक शिसे तिथेच साठते. खळगा भरला की नवी गोळी जुन्या गोळ्यांवर आदळते, फुटते, उसळते. म्हणून शिसे काढणे हे पर्यावरणाचे काम आहे तितकेच सुरक्षिततेचेही आहे.

परदेशी पुस्तिकांमध्ये बटवर चुना आणि फॉस्फेट टाकायला सांगतात. ते आंबट मातीसाठी आहे. शिसे सर्वांत कमी विरघळते ते पीएच साडेसहा ते साडेआठच्या दरम्यान, आणि आपली काळी माती मुळातच साडेसात ते साडेआठची, चुनखडीचे खडे असलेली. इथे चुना टाकणे म्हणजे पैसे वाया घालवणे. फॉस्फेट ओढ्याजवळ टाकले तर ते वाहून पाझर तलावात जाते आणि शेवाळ माजते. आपल्याकडचे दुखणे वेगळे आहे. शिसे विरघळून जात नाही, ते बारीक मातीला चिकटते आणि गढूळ पाण्याबरोबर वाहते. दुसरे, शिसे टणक करायला त्यात अँटिमनी मिसळलेला असतो, आणि अल्कधर्मी जमिनीत हा धातू शिशापेक्षा सहज पाण्याबरोबर सरकतो. म्हणून विहिरीच्या तपासणीत नुसते शिसे पाहून भागत नाही. पिण्याच्या पाण्यात शिशाची भारतीय मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. अँटिमनीसाठी जागतिक आरोग्य संघटनेची ०.०२ मिलिग्रॅमची मर्यादा धरा.

तिसरी गोष्ट भेगांची. एप्रिल-मेमध्ये काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, मीटरभराहून खोल. मृगाचा पहिला जोराचा पाऊस मातीत मुरत नाही, भेगेतून सरळ मुरमात आणि तिथून फुटक्या काळ्या खडकात उतरतो. बटपासून ओढ्यापर्यंतच्या पट्ट्यात मेच्या शेवटी वखराची एक पाळी घातली की भेगा बुजतात. शेतकरी हेच करतो. पण फक्त रायफल-पिस्तुलाच्या रेंजवर. जिथे ग्रेनेड किंवा मॉर्टर पडलेले आहेत तिथे वखर, नांगर, जेसीबी यांपैकी काहीही जमिनीला लागता कामा नये.

पाणी अडवण्याचे गणित साधे आहे. बट आणि त्यासमोरची उघडी जमीन मिळून १,००० चौरस मीटर आहे, तासात ५० मिमी पाऊस झाला, तर ५० घनमीटर पाणी पडले. त्यातले साधारण ६० टक्के वाहते असे धरले तर ३० घनमीटर. म्हणजे खाली ६ बाय ५ बाय १ मीटरचा गाळखड्डा हवा. वरच्या अंगाला चर काढून माळाचे स्वच्छ पाणी बाजूने वळवून द्यायचे, नाहीतर कितीही मोठा खड्डा पहिल्याच पावसात भरून वाहतो. खड्ड्याच्या सांडव्यावर अनघड दगडी बांध आणि त्यापुढे वाळा किंवा मारवेलचा दोन मीटरचा पट्टा. गाळ दर मेमध्ये काढायचा आणि तपासल्याशिवाय कुणाच्याही शेतात टाकायचा नाही. गाळ फुकट मिळतोय म्हणून ट्रॅक्टर लावले जातात. अशा रेंजवरचा गाळ देऊ नका.

बटचा दर्शनी थर काळ्या मातीचा नसावा. ती पावसात फुगते, उन्हात आकसते, बट ढासळतो आणि वाळलेले ढेकूळ दगडासारखे होऊन गोळी उसळवते. आतला भराव मुरमाचा चालेल, पण गोळी घुसते तो किमान मीटरभराचा थर चाळून दगड काढलेल्या मातीचा किंवा वाळूचा असावा. शिसे काढताना माती ओलसर करून ५-६ मिमीच्या चाळणीतून काढा. माती कोरडी चाळली तर शिशाची धूळ कामगाराच्या फुप्फुसात जाते. मास्क, हातमोजे, कामाच्या जागी तंबाखू आणि चहा बंद, आणि घरी जाण्याआधी अंघोळ व कपडे बदल. घरी लहान मूल असेल तर कपड्यांवरची धूळ त्याच्यापर्यंत पोचते, आणि शिशाचा सर्वांत वाईट परिणाम लहान मुलांवर होतो. निघालेले शिसे नोंदणीकृत पुनर्चक्रण कारखान्यालाच द्या, भंगारवाल्याला नाही. काम दर वर्षी करावे लागत नाही. खळगे दिसू लागले, बट ढासळू लागला किंवा तीन-चार वर्षे झाली, यातले जे आधी होईल तेव्हा करा.

विहिरींचे नमुने वर्षातून तीनदा घ्या: मेमध्ये, पहिल्या मोठ्या पावसानंतर आणि ऑक्टोबरात. रेंजच्या उताराकडची एक विहीर आणि चढाकडची एक, दोन्ही हव्यात. चढाकडची विहीर नसेल तर खाली सापडलेले शिसे रेंजचे की दुसरीकडचे, हे कुणालाच ठरवता येत नाही. धातूंच्या तपासणीची बाटली प्रयोगशाळेकडून नायट्रिक आम्ल घातलेलीच मागवा. साध्या बाटलीत धातू भिंतीला चिकटतात आणि अहवाल खोटा चांगला येतो. प्रयोगशाळा एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) मान्यतेची असावी. स्फोटके वापरणाऱ्या रेंजवर आरडीएक्सचीही तपासणी मागा, कारण ते शिशासारखे मातीला धरून राहत नाही.

न फुटलेल्या गोळ्यांचा, म्हणजे ब्लाइंडचा, काळ्या मातीशी वेगळाच संबंध आहे. ओल्या मऊ मातीत मॉर्टरचा गोळा पुरेसा धक्का न बसल्याने न फुटता खोल घुसतो. म्हणून पावसाळ्यात उच्च स्फोटक गोळ्यांचा सराव काळ्या रानात ठेवूच नये. मुरमाड, कठीण लक्ष्यक्षेत्र निवडा. मारलेले राउंड आणि ऐकलेले स्फोट यांची मोजणी दोन वेगळ्या माणसांनी करायची. आकडे जुळले नाहीत तर तो भाग झेंडे लावून बंद, आणि गोळा न हलवता जागेवरच नष्ट करायचा. एवढे करून काम संपत नाही. काळी माती वर्षभर फुगते-आकसते आणि पुरलेली वस्तू हळूहळू वर ढकलते. शेतात दर वर्षी नवे दगड वर येतात, ते यामुळेच. गोळेही तसेच वर येतात. म्हणून ऑक्टोबरात, गवत वाळून भेगा पडू लागल्या की लक्ष्यक्षेत्राची पाहणी पुन्हा करायची, जुन्या वर्षांचा हिशेब जुळलेला असला तरी. पितळ आणि शिसे वेचायला येणारी माणसे बहुधा पोरे आणि बायका असतात. त्यांना हाकलून भागत नाही. सराव संपल्याबरोबर रिकामी काडतुसे मोजून उचलली, तर वेचायला काही उरतच नाही.

पांढऱ्या फॉस्फरसच्या धुराच्या गोळ्या पाणथळीत कधीही टाकू नका. अलास्कातल्या ईगल रिव्हर फ्लॅट्समध्ये चिखलात राहिलेले फॉस्फरसचे कण खाऊन बदके मरत गेली आणि १९९० मध्ये ती रेंज बंद करावी लागली. ओल्या चिखलात तो जळत नाही, तसाच टिकून राहतो. जायकवाडीच्या काठाला किंवा कुठल्याही पाझर तलावाच्या बुडित क्षेत्रात, ते उन्हाळ्यात कोरडे दिसत असले तरी, हीच मनाई पाळा.

आता वेळापत्रक. जून ते सप्टेंबर काळ्या रानात चाकाची किंवा पट्ट्याची गाडी उतरवायची नाही. जमीन चालेल का हे पाहायला यंत्र लागत नाही. दहा सेंटिमीटर खालची माती तळहातावर घेऊन काडीएवढी, तीन मिमीची वळी करा. वळी न तुटता झाली तर जमीन ओली आहे, गाडी रुतेल आणि दाबलेला थर पुढची काही वर्षे पाणी मुरू देणार नाही. वळी भुगा होऊन तुटली तर चालवा. याच काळात तणमोरासारखे पक्षी गवतात अंडी घालतात. पावसाळा वर्गातल्या शिकवणीला, शस्त्रांच्या जोडणी-खोलणीला आणि पक्क्या रायफल रेंजला द्या. ऑक्टोबर पाहणीचा. नोव्हेंबर ते जानेवारी हा मोठ्या सरावांचा काळ: जमीन टणक, हवा थंड, दिवस स्वच्छ. मात्र लांडग्याची पिल्ले थंडीतच बिळात असतात, तेव्हा डिसेंबरच्या आधी वनरक्षकाला बरोबर घेऊन टेकडीच्या कपारी पाहून घ्या आणि बीळ सापडले तर ती टेकडी त्या मोसमापुरती सोडा. १५ फेब्रुवारीपासून वणव्याचा हंगाम. तेव्हापासून पाऊस पडेपर्यंत ट्रेसर (जळत जाणारी गोळी), पॅराफ्लेअर (छत्रीने उतरणारा उजेडाचा गोळा) आणि धुराचे डबे बंद, साधी गोळी चालू. मार्चपासून टिटवी आणि धाविक उघड्या मुरमावर अंडी घालतात. ती अंडी खड्यांसारखीच दिसतात, त्यामुळे गाड्या आखलेल्या वाटेवरूनच न्यायच्या.

जाळरेषा, म्हणजे वणवा अडवायला गवत जाळून मोकळा केलेला पट्टा, नोव्हेंबरात, गवत मुळाशी थोडे हिरवे असतानाच काढा. आतल्या बाजूला ६ मीटर, वनहद्दीला १२. दोन्ही कडा खरवडून मधले गवत सकाळी वारा पडलेला असताना जाळायचे. जानेवारीपर्यंत थांबले की जाळरेषा काढतानाच वणवा लागतो. गावाला कुसळी, पवन्या, मारवेल कापून न्यायची मुभा द्या, पण ब्लाइंडच्या क्षेत्राबाहेर, आणि दर वर्षी एक तृतीयांश गवत आळीपाळीने उभे राखा. वणव्याला जळण कमी मिळते, गुरांना चारा मिळतो, पक्ष्यांना आडोसा राहतो. फायरिंग संपल्यावर आगीच्या पहाऱ्याची तुकडी टँकरसह किमान तासभर तिथेच थांबली पाहिजे. ट्रेसर गवताच्या बुडख्यात धुमसत राहतो आणि सगळे निघून गेल्यावर पेटतो.

इथे झाडांबद्दल स्पष्ट बोलायला हवे. मराठवाड्यात वनीकरणासाठी २०१७ मध्ये प्रादेशिक सेनेची १३६ इको बटालियन संभाजीनगरला उभी राहिली. उघड्या पडलेल्या डोंगरउतारांवर अशा कामाची गरज आहेच. पण गवताळ माळ म्हणजे पडीक जमीन नव्हे. रेंजच्या माळावर रांगेने गिरिपुष्प किंवा सुबाभूळ लावली की काळवीट आणि तणमोर दोघांचेही घर जाते, शिवाय नेमबाजाची दृष्टिरेषाही अडते. झाडे वसाहतीत, रस्त्याकडेला आणि ओढ्याकाठी लावा. माळावर गवताचेच बी टाका.

कॅम्पच्या पाण्याचे गणित आधीच मांडा. माणशी ५० लिटर धरले तरी १,००० जणांना रोज ५० हजार लिटर, म्हणजे १० हजार लिटरचे पाच टँकर. डिसेंबरनंतर हे पाणी गावाच्या विहिरीतून घेणे कायद्यातही बसत नाही आणि माणुसकीतही नाही. कुठल्या धरणातून, कुणाच्या मंजुरीने, हे लिहून ठेवा. सार्वजनिक पेयजल स्रोताच्या ५०० मीटरच्या आत नवी बोअर घेऊ नका. शौचखड्डे विहिरीपासून ३० मीटर असा पुस्तकी नियम आहे. फुटक्या काळ्या खडकात तो अपुरा आहे, तिथे दुप्पट अंतर आणि उताराची बाजू दोन्ही पाहा. गाड्यांचे जळके तेल हा घातक कचरा: पक्क्या फरशीवर, छपराखाली, ९० दिवसांच्या आत अधिकृत केंद्राकडे, आणि नोंद नमुना ३ मध्ये.

आवाजाच्या तक्रारी बहुधा हिवाळ्यातल्या पहाटेच्या असतात. थंड स्थिर हवेत आवाज वर जात नाही, जमिनीलगत लांबवर पोचतो. तीच फायरिंग ऊन तापल्यावर नऊनंतर घेतली तर त्याच गावातून तक्रार येत नाही. दहावी-बारावीच्या परीक्षांचे दिवस, गावची जत्रा आणि आठवडी बाजार तारखांसह नोंदवून ठेवा.

सूचना देण्यात एक वर्ग कायम सुटतो: मेंढपाळ. धनगरांचे कळप पावसाळा संपल्यावर फिरतीवर निघतात. तुमच्या गावची नोटीस त्यांनी वाचलेली नसते आणि ग्रामपंचायतीच्या व्हॉट्सॲप गटात ते नसतात. त्यांच्या वाटा आणि मुक्कामाची रानेही नकाशावर घ्या. बाजाराच्या दिवशी दवंडी, तांड्यांवर माणूस पाठवून निरोप, आणि फायरिंगच्या सकाळी लाल झेंडे चढवण्याआधी चारी वाटांवर पहारा. कळप आत शिरला तर फायरिंग थांबवायची. त्यासाठी दिवसाच्या कार्यक्रमात सुरुवातीलाच तासाभराची मोकळीक ठेवा, म्हणजे उशीर झाला म्हणून घाई होत नाही.

यातले प्रत्येक काम एका फाइलीत तारखेसह ठेवा: हद्दीचा मोजणी नकाशा, धोक्याचा पट्टा, विहिरींचे अहवाल, राउंड आणि ब्लाइंडचा हिशेब, जाळरेषेचे फोटो, पंचनामे, नोटिसांच्या पोच. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुण्याच्या पीठासमोर उद्या अर्ज गेला, तर पहिल्या तारखेला हीच फाइल मागितली जाईल. सुरुवात विहिरींपासून करा. या मेमधले नमुने चुकले तर रेंजखालचे पाणी पावसाआधी कसे होते, हे सांगायला पुढचे वर्षभर तुमच्याकडे काही नसेल.